आत्याच्या उसाची खरी तारीख

अण्णा, तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, तरी राग आहे तिथंच आहे, म्हणून लिहितोय. आता ऊसतोडीची तारीख शेतकऱ्याच्या मोबाइलवर येते, आणि यामुळंच शेतीची वाढ टिकेल, असं सभांमधून सांगतात. ते ऐकलं की मला तुम्ही उसाच्या नोंदीचे कारकून होतात तो गंगाखेडकडचा साखर कारखाना आठवतो, आणि कंप्यूटरच्या खोलीबाहेर चपला काढणारे तुम्ही.

त्याआधी उसाची नोंद तुमच्या वहीत व्हायची. लागवडीची तारीख जो सांगेल ती. ऊस लवकर तुटावा म्हणून सगळेच महिना-दीड महिना आधीची सांगायचे, आणि ते तुम्हाला ठाऊक असायचं. हंगामात तुम्ही सायकलवरून बांधावर जायचात, एक कांडं चावायचात आणि मगच तोडीची चिठ्ठी द्यायचात. त्यामुळं कुणाच्या खोट्यानं कुणाचं बिघडलं नाही. मग लागवडीच्या तारखेवरून तोडीची यादी लावणारा कंप्यूटर आला, आणि त्याला मात्र तुम्ही ती वही जशीच्या तशी दिलीत. तिच्यात खरी तारीख एकच होती, तुमच्या सख्ख्या बहिणीची. आपल्या घरातलं माणूस खोटं बोललं असं कुणी म्हणू नये, हा तुमचा मोठेपणा. लोकांचा कोवळा ऊस आधी तुटला. आत्याचा तयार ऊस यादीत तळाला राहिला.

फाल्गुनात ती आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलीय, तुम्ही जेवताय. उसाला तुरे आलेत, तो जगवायला उपसून उपसून विहिरीचा तळ दिसायला लागलाय, तू एकदा येऊन बघ, असं ती सांगते. तुम्ही ताटावरून मान वर करत नाही.

"कंप्यूटर नातं बघत न्हाई, बाई."

"मंग तू कशाला बघितलंस? साऱ्या गावाचं खोटं लिवलंस, माझंच खरं कशाला लिवलंस?"

तुम्ही पाणी मागितलंत. ऊस तुटला चैत्राच्या शेवटी, सरपण झाल्यावर. पुढच्या पावसाळ्यातही ती विहीर पहिल्यासारखी भरली नाही, आणि दिवाळीनंतर आत्या नवऱ्याबरोबर कोयता घेऊन दुसऱ्यांचा ऊस तोडायला गेली. मशीन चुकलं नव्हतं, अण्णा. बांधावर जायचा तुम्हाला कंटाळा आला होता.

हे पत्र आत्याच्या मुलांनाही दाखवणार नाही. त्या उन्हाळ्यात ती परभणीला माझ्या पेपरच्या कचेरीत आली होती, एवढं छाप म्हणाली. मी तिला चहा पाजला, एसटीत बसवून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या नव्या कंप्यूटरची बातमी छापली, तुमच्या फोटोसकट.