वरदनचं पान

प्रिय माधवा,

उशीर झाला, रागावू नकोस. तुला जाऊन वर्ष होत आलं आणि मी आत्ता कुठे लिहायला बसलोय. चौथीनंतर माझी शाळा सुटली हे तुला ठाऊक आहे. जॉर्ज टाउनच्या वखारीत जन्मभर कागदाच्या गठ्ठ्यांवर व्यापाऱ्यांची नावं घातली, तेवढंच माझं लिहिणं. माझी पत्रं नेहमी तूच लिहायचास, माझ्या मुलीच्या सासरीसुद्धा! आता तुलाच लिहायचं तर कुणाकडून लिहून घेऊ?

पण यापुढे थांबवत नाही. येत्या गुरुवारी तुझं वर्षश्राद्ध आहे. माझ्या घशाखाली घास उतरत नाही. सून म्हणते, डॉक्टरांकडे चला. डॉक्टर काय करणार? दहाव्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर शब्द दिला होता. तो पाळला गेला की नाही, हे मला कळेनासं झालंय आणि ते सांगू शकेल असं माणूस तू एकटाच आहेस.

त्या दिवशी काय झालं ते तुला वरून दिसलं का? आम्ही समुद्रावर होतो. तुझ्या रघूने पिंड ठेवला आणि सगळे मागे सरलो. कावळे होते, पुष्कळ होते, पालथ्या घातलेल्या होडीवर रांगेने बसले होते. एकही खाली येईना. रघू हात जोडून म्हणाला, "आप्पा, आईला मी सांभाळीन." कावळे हलले नाहीत. मग म्हणाला, "घर विकणार नाही." तरी नाही. मग बिचारा आठवून आठवून एकेक म्हणू लागला, धाकटीचं लग्न, देवाचा नवस, कुळाचार. ऊन डोक्यावर आलं, वाळू पायांना भाजायला लागली. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ."

उरकून घेऊ! तुला गवताच्या कावळ्यावर वाटेला लावायचं? मला बघवेना. मी पुढे झालो आणि काय बोलतोय हे कळायच्या आत बोलून गेलो, "माधवा, वरदन पहिल्या पंगतीत. मी बसवतो त्याला. जा आता."

आणि कावळा आला! अरे, आला तो सरळ पिंडावरच बसला.

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. परतताना रिक्षात रघूने तोंड फिरवून घेतलं. त्याला मराठीपेक्षा तमिळ जवळची, पण त्या दिवशी त्याने मुद्दाम मराठीत विचारलं, "नानाकाका, मी आईचं नाव घेतलं तेव्हा आप्पा आले नाहीत. टेनिसचं नाव घेतलं तेव्हा आले. असं का?" असं करायचं असतं का, माधवा? एखादा कावळा आईच्या नावावर पाठवला असतास तर काय बिघडलं असतं?

कावेरीवहिनींनी तेराव्याला मला आत बोलावलं. "भावोजी, हा वरदन कोण? यांचं काही देणं राहिलंय का त्याचं?" मी म्हटलं, "नाही हो वहिनी, तो टेनिस खेळतो." मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी यांना जेवायला वाढलं, आणि जीव अडकला होता चेंडूत!" हसल्या की रडल्या, मला नीट दिसलं नाही.

आपला तो दगडी बाक आठवतो ना? मैलापूरच्या तळ्याकाठचा, कॉफी क्लबसमोरचा. कुणाच्या तरी मुंजीत पानं मांडायला उशीर होत होता, तेव्हा शेषाद्री मास्तरांनी हा पंगतीचा खेळ काढला. जगातले सगळे टेनिसवाले जेवायला आले, तर पहिल्या पानावर कोण बसेल? दुसऱ्यावर कोण? त्या दिवसापासून दर रविवारी मास्तर बाकावर खडूने केळीची पानं काढायचे. बाकावर मावतील तेवढीच पहिली पंगत. बाकीच्यांनी दुसऱ्या पंगतीला थांबायचं. मास्तर तिला तमिळमध्ये पंदी म्हणतात, पण भांडणं तीच. कोण आधी, कोण नंतर, कुणाला तूप आधी! आपण लग्नघरात कधी एवढे भांडलो नाही.

माझं पहिलं पान पेंबर्टन साहेबाचं. त्याबद्दल मी कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही. त्याची सर्व्हिस म्हणजे तोफ! एग्मोरला तो खेळायला आला होता तेव्हा आपण दोघांनी त्याला कुंपणाबाहेरून पाहिला. तू मला ओळखत नव्हतास. माझी उंची कमी म्हणून मला दिसेना, तर तू सरकून म्हणालास, "इथे या, इथे फट आहे." तीच आपली ओळख. म्हणजे पेंबर्टन साहेबाचं माझ्यावर केवढं उपकाराचं ओझं, बघ!

आणि तुझा वरदन! मैलापूरचाच पोरगा, काडीसारखा, सर्व्हिस अशी की देवाला फूल वाहतोय. विलायतेत मोठ्या स्पर्धेत शेवटच्या चारांत गेला आणि तिथून परत आला. तू म्हणायचास, पहिल्या पंगतीत बसवा. मी म्हणायचो, मुळीच नाही. पुण्याहून बदली होऊन आलेला तो जोशी तर म्हणायचा, "माधवराव, तुमच्या वरदनला पंगतीत कशाला बसवता? हातात भाताचं पातेलं द्या. समोरच्याला इतकं अलगद वाढतो की विचारू नका!" सगळे हसायचे. मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो. तूही हसायचास म्हणून मला वाटायचं, तुला ते लागत नाही.

लागत होतं का रे?

तर शब्द दिला तसा तुझ्या सुतकानंतरच्या पहिल्याच रविवारी मी बाकावर जाहीर केलं. वरदन पहिल्या पंगतीत. जोशीने कपाळाला हात लावला. "नानासाहेब फुटले! दहाव्याला पक्ष बदललेला माणूस मी पहिल्यांदाच बघतोय." मास्तर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "सरी, नाना, ठीक आहे. कारणं सांगा."

कारणं!

माधवा, मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. इतकी वर्षं तू त्याच्या बाजूने बोलत होतास, रविवारमागून रविवार, आणि तू बोलत असताना मी माझं पुढचं वाक्य जुळवत असायचो. मला माझी सगळी वाक्यं पाठ आहेत. तुझं एकही नाही. त्याच्या बॅकहँडबद्दल तू काहीतरी म्हणायचास. तेव्हा तुझा टंबलर धरलेला हात वर जायचा आणि कॉफी धोतरावर सांडायची. तो डाग मला दिसतो. तो पडत असताना तू काय म्हणत होतास ते ऐकू येत नाही. मी किती प्रयत्न केला! बाकावर तुझ्या जागी बसून पाहिलं. हात वर करून पाहिला. लोक बघायला लागले.

मग वाटलं, घरी बोलत असेल. वहिनींकडे गेलो. म्हटलं, "वहिनी, वरदनबद्दल तो घरी काय म्हणायचा? एखादं वाक्य आठवतं का?"

त्या म्हणाल्या, "वरदनबद्दल? काही नाही बाई. घरी तुमचंच असायचं. आज नाना असं म्हणाला, नानाचा मुद्दा बरोबर आहे, तोफेपुढे फूल कसं टिकणार असं विचारलं त्याने, याला आता उत्तर शोधलं पाहिजे. जेवता जेवता शोधायचे. आमटी गार व्हायची." आणि त्यांनी पेंबर्टन साहेबाची माझी सगळी वकिली मला म्हणून दाखवली! साडी वाळत घालता घालता, एक शब्द न चुकता. टेनिसचं कोर्ट कधी न पाहिलेली बाई!

मी जिन्यावर बसून राहिलो. तू माझं ऐकत होतास! घरी नेत होतास! मला एकदा तरी सांगायचंस की नाही? दोन बोटं नाचवत नुसता गप्प बसायचास, मला वाटायचं हरलास.

वरदनचा शेवटचा सामना एग्मोरला झाला, तो मी पाहायला गेलो. गुडघा दुखतोय, यापुढे खेळणार नाही असं त्याने सांगून टाकलं होतं. स्वस्तातल्या बाकांवर, तू बसायचास त्या बाजूला बसलो. ठरवून गेलो होतो, चेंडूकडे बघायचं नाही, फक्त त्याच्याकडे बघायचं. माधवाला काय दिसत होतं ते आज मला दिसलंच पाहिजे. डोळ्यांना पाणी येईपर्यंत बघितलं. तर काय दिसलं सांगू? एक काटकुळा माणूस. समोरचा पोरगा धाड धाड मारतोय, आणि हा तो चेंडू तिथे ठेवतोय जिथे तो पोरगा नाही. मारत नाही, ठेवतो. घाई नाही, राग नाही. बस्स. एवढंच.

एवढंच होतं का ते? का आणखी काही होतं आणि मला कळलं नाही? शेजारच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, "पेरियवरे, अहो आजोबा, मॅच बघू द्या."

सामना तो हरला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी बसून राहिलो, कारण मला अजून कारण सापडलं नव्हतं.

आणि मग परवाचा रविवार. वरदनने खेळणं थांबवलं म्हणून मास्तरांनी ठरवलं होतं की त्याचं पान आता कायमचं ठरवून टाकायचं, त्यानंतर त्यावर चर्चा नाही. मास्तरांनी खडूने पानं काढली. एकच रिकामं होतं. त्यासाठी जोशीने ऑस्ट्रेलियातल्या एका नव्या मुलाचं नाव आणलं होतं, डोक्यात जाणारी सगळी आकडेवारी घेऊन. बोलला छान. मग मास्तर माझ्याकडे वळले.

मी उभा राहिलो. म्हटलं, "तो मारत नाही, ठेवतो."

जोशी म्हणाला, "मग त्यालाही ठेवलाच की विलायतेत, शेवटच्या चारांत!"

हशा झाला. मी म्हटलं, "मास्तर, मी मेलेल्या माणसाला शब्द दिलाय." मास्तरांनी चष्मा काढला. म्हणाले, "मला माधवराव तुमच्याइतकेच हवे होते, नाना. पण शब्दावर पान देता येत नाही. दिलं तर ही पंदी खोटी. त्यांनाच आवडणार नाही." आणि त्यांनी रिकाम्या पानावर त्या ऑस्ट्रेलियातल्या मुलाचं नाव घातलं.

बाक भरला. संपलं. माझ्या कानात समुद्रच घुमायला लागला. म्हटलं, आता गुरुवारी काय तोंडाने उभा राहू? तेव्हा एकदम आपल्या लग्नघरांची आठवण आली. पानं कमी पडली आणि ऐनवेळी पाहुणा दारात आला, तर काय करतो आपण? वाढप सुरू होण्याआधी घरचं माणूस उठतं आणि आपलं पान पाहुण्याला देतं. त्याला कारण विचारत नाहीत. मी मास्तरांना विचारलं, "पेंबर्टन साहेबाला कुणी आणलं पंगतीत?" ते म्हणाले, "तुम्ही." "मग तो माझ्या घरचा. तो उठतोय."

मी वाकून धोतराच्या सोग्याने पहिल्या पानावरचं साहेबाचं नाव पुसलं. माझ्याच हाताने, माधवा. मास्तरांनी खडू माझ्या हातात दिला. मला तमिळ लिहिता येत नाही, म्हणून मी आपल्या अक्षरांत वरदन लिहिलं. जोशीसुद्धा हसला नाही. उठून त्याने माझ्यासाठी कॉफी आणली.

तर तुझा वरदन पहिल्या पानावर बसलाय. तू मागितलं होतंस त्याहूनही वर! मग माझा जीव का तळमळतोय, सांगू? कारण मी त्याला तिथे हाताने बसवलंय, मनाने नाही. अजूनही मला वाटतं, तोफेपुढे फूल टिकत नाही. असा शब्द पुरतो का रे? तुमच्या तिकडे मनही मोजतात का? मोजत असतील, तर मी खोटा पडलो. गुरुवारी रघू पुन्हा आईचं नाव घेईल, कावळा येणार नाही, आणि मग सगळे माझ्याकडे बघतील. माझ्याजवळ द्यायला आता काही उरलं नाही. पेंबर्टन साहेबही गेला.

आणि बाकावर भांडायलाही कुणी नाही. तुझी बाजू आता माझी, आणि माझी बाजू घ्यायला तू नाहीस. परवापासून सगळे किती शहाण्यासारखे बोलतायत! मला सोसवत नाही.

एवढंच मागतो. वहिनींच्या स्वप्नात ये, नाहीतर रघूच्या ये, त्यालाही बरं वाटेल. माझ्या आलास तर सगळ्यांत चांगलं. सगळं सांगू नकोस, एकच कारण सांग. वरदनमध्ये तुला काय दिसत होतं? मी ते रविवारी बाकावर तुझ्याच शब्दांत सांगेन, पटलं नाही तरी सांगेन आणि घरी येऊन जेवताना त्याचा विचार करीन. हे माझं तुला वचन. पण गुरुवारच्या आधी कळव. लवकर कळव, माधवा. तू अगदी सावकाश बोल, कॉफी सांडली तर सांडू दे. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
नाना