मोलोच्या चर्चपुढील पांढऱ्या गाडीच्या चार टायरांबाबत आणि माझ्या मालमत्तेबाबत

मी, क्रिसांतो गुंबान, वय चोपन्न, धंदा गाड्यांची धुलाई व टायरांची निगा, राहणार मोलो, इलोइलो शहर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या दुकानातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. मंगळवारी डॉक्टर माझी छाती उघडून हृदयाची झडप बदलणार आहेत. डोके शाबूत आहे. दारू घेतलेली नाही. कोणी दटावलेले नाही. उलट समोर बसलेल्या वकीलबाई, अटर्नी सालोमे तुपास, मलाच आवरत आहेत.

१. राहते घर पत्नी रेमेदियोस हिला. छत उत्तरेकडून गळते, ते तिला माहीत आहे.

२. दुकानाची जागा, पाटी, पहिली शेड आणि बँकेतील शिल्लक मुलगी लोर्ना हिला. लोर्ना सहा वर्षे माझ्यासोबत काम करते आणि या शहरात माझ्यानंतर टायर समजणारी ती एकटी आहे.

३. टायरला काळेपणा आणणारे, पाण्यात विरघळणारे मिश्रण मी अकरा वर्षांत, कोणी न शिकवता, स्वयंपाकघरातल्या वाडग्यांत करून पाहत जमवले. त्याचे प्रमाण कपाटातील निळ्या वहीत आहे. तेही लोर्नाला. सोबत पुढील अटी, ज्या मोडल्यास पाटीवरून माझे नाव उतरवावे:

टायर कडक ब्रशने घासावा, तपकिरी फेस पांढरा होईपर्यंत. आधीच्या कुणी फासलेला मेणचटपणा निघाल्याशिवाय नवा थर देऊ नये. पूर्ण वाळू द्यावा. स्पंजाने पातळ हात फिरवावा. अक्षरांच्या खाचांत लहान कुंचला. मग गाडी अर्धे चाक पुढे घ्यावी, कारण टायरच्या बाजूचा जमिनीलगतचा भाग कोरा राहतो, आणि तो कोरा ठेवणारा माणूस बाकी आयुष्यातही तसाच असतो. पंधरा मिनिटे थांबून कोरड्या फडक्याने पुसावे. रस्त्याला लागणाऱ्या भागावर थेंबही नको, चाक घसरते. मोटारसायकलच्या टायरला तर मुळीच लावू नये, गिऱ्हाईक हात जोडो की शिव्या देवो.

टायर काळा दिसावा, ओला दिसू नये. ओला चकचकाट मागणाऱ्याला दुसरे दुकान दाखवावे. रॉकेल, डिझेल, जळके तेल यांनी रबर आधी तांबूस पडते, मग तडकते.

४. दोन्ही वाफेची यंत्रे लोर्नाला. घोड्याच्या केसांचे तीन ब्रश बेनिग्नो कातालबास याला. तो शववाहिका चालवतो आणि मृताच्या गाडीची चाके स्वतः पुसतो. मी त्याला एवढ्याचसाठी मानतो. बाकी तो पत्त्यांत लबाडी करतो.

५. हे कलम मालमत्तेचे नाही. अटर्नी मला इथल्या रीतीने मानोंग, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतात. त्या म्हणाल्या, "मानोंग क्रिस, हे मृत्युपत्र आहे, भांडण नव्हे." मी म्हटले, "दोन्ही आहे. मला लिहू द्या."

१२ मे २०१८, शनिवार. पुरिता पानेस हिचे लग्न. नवरीची पांढरी गाडी आमच्याकडे आली होती. मी चारही टायर माझ्या हाताने करून, पुसून, अंघोळीला घरी गेलो. पुरिताचा मामा आला आणि दुकानात कामाला असलेला माझा धाकटा भाऊ देल्फिन याला म्हणाला, "हे काय, चमक कुठाय? फोटोत उठून दिसली पाहिजेत राव!" देल्फिनने मागच्या डब्यातले, स्वतः डिझेल घालून कालवलेले तेलकट काळे वरून फासले. पुसले नाही. पंधरा मिनिटे नाही, पंधरा सेकंदही थांबला नाही.

चर्चच्या पायऱ्यांपुढे पुरिता उतरली. अंगावर आजीच्या हातचा, अननसाच्या धाग्याचा झगा, मागे साडेतीन वार लोळता घोळ. तो मागच्या चाकाला घासला. तळहाताएवढा काळा पट्टा. साबण लावला, पावडर लावली, तो पसरतच गेला. पोरगी तशीच आत गेली.

तिच्या आईने विचारले, "कुणी केलं हे?"

देल्फिन म्हणाला, "टायर मानोंगच करतो."

मी तिथे उभा होतो. आमची आई माझा दंड धरून होती. ती कानात म्हणाली, "धाकटा आहे रे. तू मोठा, तू सोस." मी सोसले. त्यानंतर मोलोतून नवरीची एकही गाडी माझ्याकडे आली नाही. बाजारात मासेवाली ओरडते, "काय डागवाले, लग्नाला निघालात? जरा लांब बसा हं!" सगळे हसतात. देल्फिनही हसतो, मी स्वतः पाहिले आहे.

आई फेब्रुवारीत गेली. तिला दिलेला शब्द संपला. म्हणून इथे कायमचे लिहून ठेवतो: टायरांवरचे ते काळे माझे नव्हते.

६. दुसरी शेड देल्फिन गुंबान याला, एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर नवव्या दिवशीच्या प्रार्थनेला पुरिता व तिच्या आईला बोलवावे, आणि जेवणापूर्वी, सगळ्यांची तोंडे रिकामी असताना, देल्फिनने उभे राहून कलम पाच स्वतःच्या तोंडाने सांगावे. न सांगितल्यास शेड लोर्नाला, आणि कलम पाच बेनिग्नोने वाचावे. त्याचा आवाज मोठा आहे. रेमेदियोस म्हणते, "सख्ख्या भावाला असं करतात का?" मी तिला विचारले, "सख्ख्या भावाने काय केलं?" ती चहा ठेवायला गेली.

७. सहीपूर्वी पुढील गोष्ट घडली, ती नोंदवणे आवश्यक आहे.

साक्षीदार तीन लागतात. बेनिग्नो आणि निवृत्त शिक्षिका तेओदोरा पालमारेस हजर आहेत. तिसरा, चर्चचा पेटीवादक, ग्विमारास बेटावर अडकला. वाऱ्यामुळे होड्या बंद. अटर्नी चूक तपासायला सगळा मजकूर मोठ्याने वाचत होत्या. वाचून संपला आणि दारात देल्फिन उभा होता, दुसऱ्या शेडमधून आलेला, कोपरापर्यंत फेस.

तो म्हणाला, "तिसरी सही मी करतो."

अटर्नी म्हणाल्या, "ऐक नीट. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. तुझ्याशिवाय आणखी तिघे साक्षीदार असते तर गोष्ट वेगळी. तू सही केलीस की तुझी शेड गेली."

"कळलं."

"नवव्या दिवशी काही सांगितलंस तरी मिळणार नाही, बाबा."

"कळलं म्हटलं ना, अटर्नी. पेन द्या."

मी विचारले, "पाचवं कलम ऐकलंस?"

"ऐकलं."

"खरं की खोटं?"

तो म्हणाला, "त्या मामाने घाई केली, मानोंग, आणि डिझेलही जरा जास्त..."

"मी ते विचारलं नाही."

त्याने हाताचा फेस पँटला पुसला. "खरं आहे," म्हणाला.

"मग सहीखाली तेच लिही. तुझ्या अक्षरात."

बेनिग्नो म्हणाला, "सहा वर्षं लागली रे तुला एका ओळीला!" त्यावर कोणी हसले नाही.

कलम सहा मी खोडत नाही. कायद्याने पडेल तर पडो. शेड मग लोर्नाची. तिथे देल्फिनला काम करू द्यायचे की नाही ते तिने ठरवावे, मी तिला काही सुचवत नाही. माझा राग गेलेला नाही, हेही मजकुरात राहावे.

प्रत्येक पानाच्या डाव्या समासात मी व साक्षीदारांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या आहेत.

मोलो, इलोइलो शहर, शुक्रवार, १४ जून २०२४

क्रिसांतो गुंबान (सही)

साक्षीदार:

१. बेनिग्नो कातालबास (सही)

२. तेओदोरा पालमारेस (सही)

३. देल्फिन गुंबान (सही)
पुरिताच्या लग्नाच्या गाडीच्या टायरांना काळं मी लावलं. मोठ्या भावाने नाही. तो सांगत होता तसं पुसायला हवं होतं.