फळ्यासमोरची जागा

आबा, मी मघापासून तीनदा उठले आणि तीनदा परत येऊन बसले. रविवारची दुपार आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला लॅपटॉप उघडा आहे, दुसऱ्या बाजूला आई घेवडा निवडत बसली आहे, आणि मधल्या एवढ्याशा जागेत वही ठेवून मी तुम्हाला लिहिते आहे. आई दोनदा म्हणाली, "आयतवारी बी हापीस काय गं तुझं? त्या डब्याकडं बघून बघून डोळं बसतील." मी म्हटलं, ऑफिसचं नाही, पत्र लिहितेय. कुणाला, ते तिनं विचारलं नाही. शेंगेची शीर ओढत नुसतं "हं" म्हणाली. तिला कळलं असावं.

उद्या सकाळी दहाला मला एक अहवाल द्यायचा आहे. त्यात एका बाईची बदली व्हायची की नाही ते ठरणार आहे. गेले आठ दिवस मी तो लिहिते आहे, खोडते आहे. तुम्ही असतात तर दोन वाक्यांत मला वाटेला लावलं असतंत. आणि तुम्ही नाही म्हणून मला नीट, पहिल्यापासून सांगावं लागतंय.

तुम्ही दूध संघाच्या गेटवर जन्मभर दुधाचे टँकर सोडलेत. गेटच्या आत, पिंपरणीच्या झाडाखाली तुमचा तो काळा फळा. कुठला टँकर कुठल्या केंद्रावर, कुठल्या वाटेनं, किती वाजता. आता तो फळा नाही. त्याच्या जागी एक पान आहे, पडद्यावरचं. जिल्ह्यातल्या सगळ्या शीतकेंद्रांवर, मुख्य कचेरीत, गेटवर, सगळीकडे ते एकच पान एकाच वेळी उघडं असतं. आजऱ्याच्या केंद्रावरचा माणूस लिहायला लागला की त्याचं अक्षर न् अक्षर इथे मला उमटताना दिसतं. कोण कुठल्या ओळीवर आहे तेही दिसतं, त्या ओळीवर त्याच्या नावाची रंगीत पट्टी लुकलुकत असते. दहा जणांनी एकदम लिहिलं तरी चालतं, त्यासाठीच तर ते आहे. हे संघात आणलं मी. संचालकांना पटवलं मी, केंद्राकेंद्रांवर जाऊन शिकवलं मी, आणि पान कुणी नुसतं पाहायचं, कुणी बदलायचं, जुना मजकूर किती दिवस जपायचा, याची बावीस पानी नियमावलीही माझीच. वर्ष झाल्यावर मोठ्या मीटिंगमध्ये मी उभी राहून सांगितलं होतं की एवढ्या माणसांत एकदाही दोघांचं लिहिणं एकमेकांत अडकलं नाही. आपली माणसं शिस्तीची आहेत, असंही म्हटलं. टाळ्या पडल्या. मला तेव्हा तुमची आठवण आली होती, ती अभिमानानं. आता त्या टाळ्या आठवल्या की कानशिलं तापतात.

गेल्या महिन्यात पंचगंगेला पाणी चढत होतं. त्या दिवशी मी पहाटेच उठून याच टेबलावर बसले आणि पानावरच्या वाटा बदलायला घेतल्या. कुरुंदवाडच्या अलीकडच्या आपल्या केंद्राच्या ओळीवर आले, शेऱ्याच्या रकान्यात कर्सर ठेवला, आणि वाटलं, हे जरा उजाडल्यावर लिहू. मग उठले. आबा, मी काही मोठ्या कामाला उठले नाही. डोकं धुवायला गेले. शिकेकाई उकळून ठेवली होती, पाणी तापलं होतं, एवढंच. लॅपटॉप तसाच उघडा. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. केस पुसून, आईशी चहा घेऊन, शेजारणीला दारातून दोन शब्द बोलून परत येईपर्यंत पाऊण तास गेला असेल.

त्या पाऊण तासात केंद्राच्या वाटेवरच्या ओढ्याच्या मोरीवर, त्या ठेंगण्या पुलावर, पाणी आलं. केंद्रावरच्या प्रमुख बाईंनी ते डोळ्यांनी बघितलं. त्यांनी पान उघडलं, पण लिहिलं नाही. मला फोन केला दोनदा. मग गेटवर केला. गेटवरच्यानं सांगितलं, "पानावर न्हाय ते धरायचं न्हाय, मॅडमचा नियम हाय." खरं आहे, सातवा नियम. तोंडी निरोपांचा घोळ नको म्हणून मीच घातलेला. टँकर निघाला. मी फोन हातात घेईपर्यंत तो मोरीवर पाण्याच्या ओढीनं कलंडला होता. ड्रायव्हर टाकीवर चढून बसला, गावातल्या लोकांनी दोर टाकून काढला त्याला, पण काढताना पाय मोडला. दूध सगळं गेलं. माणूस वाचला हे मी रोज स्वतःला सांगते, आणि रोज ते पुरं पडत नाही.

मग चौकशी. या पानाचा इतिहास मागे जाऊन बघता येतो, कुणी पान कधी उघडलं, कुठल्या मिनिटाला काय लिहिलं, काय पुसलं, सगळं. कार्मिक विभागाच्या प्रमुखांनी तो पडद्यावर लावला आणि म्हणाले, "हे बघा. पान उघडलंय, बघितलंय, आणि नोंद शून्य. विषय संपला." बाईंनी लेखी खुलासा दिला होता, एका ओळीचा. नजरचुकीने राहिले, क्षमस्व. त्यांना आजऱ्याला पाठवायचं ठरत आलं. जिल्ह्याच्या या टोकाची बाई त्या टोकाला. घरी अंथरुणावरचे सासरे, मुलगी दहावीत. आमचे उपव्यवस्थापक म्हणाले, त्यापेक्षा सगळ्या ओळींना कुलपंच घालू, लिहायचं फक्त अधिकाऱ्यांनी. मी म्हटलं, मला एकदा केंद्रावर जाऊन येऊ द्या, मग अहवाल देते. खरं सांगू, बाईंसाठी नव्हते गेले. माझं पान माझ्या हातून काढून घेतील, या धास्तीनं गेले.

पाणी ओसरलेलं, पण भिंतींवर चिखलाची रेघ तशीच. बाई माझ्याएवढ्याच वयाच्या. मला खुर्ची दिली, स्वतः उभ्या. मी विचारलं, पान उघडलं होतंत ना, मग लिहिलं का नाही? त्या खाली बघून म्हणाल्या, "ऱ्हायलं मॅडम." मी परत विचारलं. तेव्हा दुधाची तपासणी करणारे चाचा, तुमच्या वेळेपासूनचे, कोपऱ्यातून म्हणाले, "सांग की गं. मॅडम काय खातीय व्हय तुला?"

बाई म्हणाल्या, "मॅडम, तितं तुमचं नाव लुकलुकत हुतं. आमच्याच ओळीवर. मला वाटलं, तुमी लिवतायसा."

"अहो, पण दोघांना एकदम लिहिता येतं. मी शिकवलं होतं ना तुम्हाला?"

"शिकवलंय की. येतंय मला." मग माझ्याकडे न बघता, "पण येतंय म्हणून लिवायचं हुतं व्हय? तुमी लिवत असताना तुमच्या हातातनं पेन काढून घेतल्यागत न्हाय का ते?"

चाचा हसायला लागले. "मॅडम, सगळ्या जिल्ह्यात असंच चालतंय. वरच्याचं नाव दिसलं की आमी हात मागं घ्यायचा. लईच नड असली तर फोन लावायचा, सायेब, झालं का तुमचं? त्ये थोरलं सायेब एकदा पान उघडं ठेवून लग्नाला गेलते. दोन दिस कुणी एक अक्षर लिवलं न्हाय!"

एकदाही दोघांचं लिहिणं अडकलं नव्हतं, आबा. कसं अडकेल? मला वाटलं होतं मी सगळ्यांना एका पानावर आणलं, आणि ही माणसं मात्र त्या पानासमोर ओळीत उभी होती, चपला बाहेर काढून, मानाप्रमाणे. मी बाईंना विचारलं, हे खुलाशात का नाही लिहिलंत? त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "लिवून तुमचं नाव कसं घ्यायचं मॅडम?"

परतीच्या वाटेवर गाडीत मला फळा आठवला. मी सहावीत असेन. सुट्टीत तुमचा डबा घेऊन गेटवर आले आहे. तुम्ही आत फोनवर, आणि मी खडू घेऊन फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात टँकर काढते आहे. चाकं, दिवे, धूर, सगळं अगदी मन लावून. माझ्या मागे कुणीतरी उभं आहे हे मला कळतं, पण मी वळत नाही. तुम्ही बाहेर आलात आणि माझ्या डोक्यावरून मागच्याला विचारलंत, "काय रं, कवाधरनं हुबा हाईस?" मागे एक ड्रायव्हर, टोपी हातात. म्हणाला, "ताईसायबांचं चाललंय न्हवं, हुंदे की. बिद्रीच्या वाटंवर झाड पडलंय, त्येवढं लिवायचं हुतं." तुम्ही माझ्या हातातला खडू काढून त्याच्या हातात दिलात. त्यानं लिहिलं. मग सगळ्यांदेखत मला म्हणालात, "फळा अडवू नगंस."

मी म्हटलं, मी कोपऱ्यातच होते, वर सगळी जागा मोकळी होती. तुम्ही म्हणालात, "जागा हुती. पर तू माझी पोर हाईस. त्यो तोंडानं सांगायचा न्हाय. आपुनच मागं वळून बघायचं असतंय."

घरी येईपर्यंत मी सायकलच्या दांड्यावर रडत होते. तुम्ही महाद्वार रोडला सायकल थांबवून रंगीत खडूंची पेटी घेऊन दिलीत आणि म्हणालात, "आपल्या दारावर काढ, कुणी वरडणार न्हाय." मी कधी तरी मागे बघायला शिकले का? आणखी एक गोष्ट मला कधी दिसलीच नव्हती, ती त्या गाडीत दिसली. फळ्यावर लिहून झालं की तुम्ही खडू खालच्या कट्ट्यावर ठेवायचात आणि तीन पावलं मागे सरायचात. रोज, प्रत्येक वेळी. मला वाटायचं अक्षर कसं आलंय ते लांबून बघता. ते तुम्ही इतरांसाठी जागा करत होतात. माझ्या बावीस पानांत कुलपं आहेत, परवानग्या आहेत, मुदती आहेत. लिहून झाल्यावर बाजूला व्हावं, असं एक वाक्य नाही.

आणि इतिहास सगळं दाखवतो म्हणून मी संचालकांना सांगितलं होतं. तो उघडलेलं दाखवतो, लिहिलेलं दाखवतो. कुणाची पट्टी कुठल्या ओळीवर होती आणि कोण कुणाकडे बघून गप्प बसलं, ते त्यात येत नाही. बाईंनी तोंड उघडलं नसतं तर मी सुटलेच होते. तरीही आज दुपारपर्यंत सुटलेलीच होते, आबा. चाचा कुठे लिहायला येणार नव्हते. उद्या दहापर्यंत मी काही बोलले नसते तर कुणालाही कळलं नसतं, आणि हे माहीत असल्यामुळे मला आठ दिवस एका जागी बसवत नव्हतं.

अहवालही त्याच व्यवस्थेतलं एक पान आहे. कार्मिक प्रमुख, उपव्यवस्थापक, कार्यकारी संचालक, सगळे त्यावर असतात. शुक्रवारी ते सगळे पानावर होते, तिघांच्या पट्ट्या लुकलुकत होत्या, तेव्हाच मी माझ्याबद्दल लिहायला हवं होतं. मी नाही लिहिलं. शनिवारी उपव्यवस्थापक होते, तेव्हाही नाही. आज जेवणं झाल्यावर पानावर कुणाचंही नाव नाही असं नीट बघितलं आणि मग लिहिलं, "त्या सकाळी ही ओळ मी उघडी ठेवून गेले होते. केंद्रप्रमुखांनी माझे नाव पाहून लिहिणे थांबवले. फोन मी उचलला नाही. तोंडी निरोप न धरण्याचा नियम माझा आहे." चार वाक्यं. म्हणजे मीही सगळे जाण्याची वाटच बघितली. बाईंना बोल लावायचा मला काय अधिकार?

मग एक काम केलं, जे नियमावलीत बसत नाही. बाईंना त्या पानावर लिहायची परवानगी दिली आणि फोन करून सांगितलं, माझ्या मजकुराखाली तुमचं तुम्ही लिहा, जसं घडलं तसं, माझं नाव घेऊन. त्या "बरं मॅडम" म्हणाल्या. तेव्हापासून मी हे पत्र लिहिते आहे आणि उठते आहे आणि बसते आहे.

आत्ता त्यांचं नाव आलं. हिरवी पट्टी. माझ्या ओळींच्या खाली येऊन थांबली. लिहीत नाहीत. दोन मिनिटं झाली, चार झाली. आई म्हणते, "कुणाची वाट बघतीस गं?" मला वाटलं, मी त्यांची. आणि मग लक्षात आलं की त्या माझी बघताहेत. माझी पट्टी तिथेच, वर, लुकलुकते आहे.

मी पान बंद केलं आबा. लॅपटॉप मिटला, उठले, गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

आता राहिलेलं सांगते, आणि हे पान वहीतच राहू देते. आधणाला उकळी यायच्या आत मी फोनवर तेच पान उघडलं. नुसतं बघायला. बाईंनी लिहायला घेतलं होतं, "मी सकाळी मोरीवर पाणी पाहिले व मॅ" आणि माझं नाव वर येताच त्यांचं अक्षर तिथेच थांबलं. मी फोन बंद केला आणि आईच्या हातात दिला. म्हटलं, मी मागितला तरी देऊ नकोस. तिनं काही न विचारता तो घेवड्याच्या टोपलीत, शेंगांच्या खाली घातला. बाईंनी पुढे काय लिहिलं ते मला अजून माहीत नाही. पण चहा गाळताना मी चारदा टोपलीकडे बघितलं आहे.