वन्संना धडक

सोम. ५ जाने.
शोभा, वही घे. सासू सांगतीया, सून लिहितीया, म्हंजे लबाडीला जागा न्हाय. महिना झाला, ही "चालायला जाते" म्हणून जाती आणि गुडघ्यावर निळे डाग घेऊन येती. चालून कुणाचा गुडघा निळा झालाय? आज मागनं गेले. स्केटिंगचं मैदान. दहा-बारा बाया, सगळ्या लेकुरवाळ्या, पायाला चाकं. रोलर डर्बी म्हणं. चांदणीची टोपी घातलेली एकजण घोळक्यातनं वाट काढून पळणार, समोरच्या बाजूच्यांनी खांद्यानं, ढुंगणानं धडक देऊन तिला अडवायचं. शोभा पडली. तिघींनी उचलली, चौघी हसत सुटल्या. सतरा वर्षांत हिचं एवढं मोठं हसू मी ऐकलं नव्हतं.
खोडू नकोस.

बुध. ७
परत गेले. अडवणाऱ्या बाया ताठ उभ्या, वाऱ्यानं पडतील अशा. म्हटलं, भाताची लावण केलीसा का कधी? कंबरेत वाका, खांद्याला खांदा लावा, मागं मागं सरका. केलं. मग ती बायांची भिंत हलंना. शिकवणारी म्हणाली, आजी, रोज या. मी कुठं थांबणार हुते.

रवि. ११
लेकीला, सुमीला, मीच फोन करून बोलावलं. शोभाची थोरली नणंद. लहानपणी उसाच्या ट्रॉलीला लटकायची, चाकाला काय भिणार.

रवि. ८ फेब्रु.
सुमी महिन्यात चाकांवर लई सुसाट झालीया. आज चांदणी तिच्या डोक्यावर, शोभा समोरच्या भिंतीत. सुमी जवळ आली की ही बाजूला. हात पदर घ्यायला डोक्यावर गेला, तिथं हेल्मेट. तीनदा असंच. हिची बाजू हरली.
घरी आल्यावर शोभा मला म्हणाली, "आत्याबाई, उद्यापासनं मी जात न्हाय. वन्संना धडक द्यायची कशी?"
म्हटलं, पाया दिवाळीला पड. ऐकलं न्हाय. बूट माळ्यावर.

मंगळ. १०
मैदानावरच्या सहाजणी न सांगता घरी. चहा प्याल्या, चिवडा संपवला. एकजण म्हणाली, शोभाताई न्हाय तर भिंतीला भगदाड पडतंय. दुसरी म्हणाली, आमच्या घरी मला कुणी विचारत न्हाय, मैदानावर तुम्ही विचारता. त्या गेल्यावर शोभानं स्टूल घेतलं, बूट काढले.

गुरु. १२
दिली!
सुमी वाऱ्यासारखी आली, शोभा कंबरेत वाकली, आणि असा खांदा लावला की माझी लेक चाकांसकट भुईवर बसली. लेकीकडं पळू का सुनेची पाठ थोपटू, मलाच कळंना. शोभा तिथंच, "वन्सं, लागलं का?"
सुमी उठली, धूळ झटकली. "शोभे, एवढा जोर हुता, तर महिनाभर कुठं ठेवलातास?"
आणि घरी चहाला न येता गेली. रागानं का कशानं, मला आईलाबी उमजंना. रविवारी येती का बघायचं.
आता ही लिहिता लिहिता विचारतीया, आत्याबाई, वन्सं आल्याच तर मी काय करू?
पेन तुझ्या हातात हाय, बाई. तूच लिही.