न खाजणारा चट्टा

मरोळ,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

आधी तुझ्या नि भाऊजींच्या पाया पडतो, मग बाकीचं. कारखाना आज बंद, मशिनं गप्प, म्हणून इथेच बसून लिहितोय. फोन केला असता, पण दोन खोल्यांच्या घरात कान काही माझ्या एकट्यालाच नाहीत.

तुझ्या रुचिकाच्या बाळाच्या बारशाला आलो नाही म्हणून तू चिडलीस. "मामाक सवड नाय गावली? मोठो शेट झालंस!" बरोबर बोललीस. ऑर्डर अडकल्याचं मी खोटंच सांगितलं. बाळाला माझ्या मांडीवर द्याल, याची भीती वाटली.

गणपतीपासून डाव्या हाताला, कोपराखाली, बिस्किटाएवढा फिकट चट्टा होता. कोरडा, खरखरीत. विनिता म्हणाली, "खोबरेल लावा." मेडिकलवाल्याने नायट्याचं मलम दिलं, ते तीन महिने चोळलं. खाजत नाही, दुखत नाही, म्हणजे साधंच असणार, असं धरून चाललो. तिथेच चुकलो.

डिसेंबरात लेथवर उभा होतो. काहीतरी चर्र वाजलं. मी आधी मशिनकडे बघितलं. मग वास आला. लोखंडाचा तापलेला किस माझ्याच हाताला चिकटला होता, ताई, नेमका त्या चट्ट्यावर. आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

तरी आठ दिवस काढले. शेवटी पालिकेच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण आपल्या रुचिकाच्या वयाची. म्हणाली, "काका, डोळे मिटा. कापूस लागला की 'हो' म्हणा." मी फटाफट 'हो' म्हणत गेलो. एकही चुकलो नाही. ती जरा थांबली. हातातल्या बांगड्या काढल्याचा आवाज आला. मग सगळं शांत. मी आपला डोळे मिटून वाट बघतोय.

"काका, कधीची लावतेय," ती म्हणाली. "मघाशी तुम्ही कानांनी सांगत होतात."

आवाजावरून बेअरिंग ओळखणारा माणूस मी. या कानांवर कारखाना उभा केला. त्यांच्याच जोरावर स्वतःला फसवायला निघालो होतो.

आजाराचं नाव लिहायला पेन पुढे सरत नाही. तात्याकाकांना गोठ्याशेजारी ठेवलं होतं ना, तेच. आई त्यांचं ताट काठीने सरकवायची नि आपण दोघं दारातून बघायचो.

आता तसं राहिलं नाही म्हणे. गोळ्या फुकट मिळतात, सुरू केल्या की दुसऱ्याला लागत नाही, माणूस पूर्ण बरा होतो. तिने दोनदा समजावलं. महिनाभर घेतोय. पाकीट कारखान्यातच, मापं घ्यायच्या व्हर्नियरच्या डब्यात लपवलंय. विनिताला माहीत नाही. "घरच्यांनाही तपासायला आणा," असं डॉक्टरीण बजावते. मी दोन्ही वेळा सबबी सांगून सुटलो.

हे सगळं लिहून झालं, आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

मंगळवारी अक्षता शाळेत जाताना वेणी घालत होती. तिच्या मानेवर, केसांखाली, फिकट डाग दिसला. कोरडा.

"खाजतं का गं?"

"नाही हो पप्पा. काय तुम्ही पण!" हसली नि दप्तर उचलून गेली.

मुलीला खाज येत नाही म्हणून घाम फुटलेला बाप तू कधी बघितलायस?

बुधवारी ती अभ्यासाला बसलेली असताना कापूस घेऊन मागे उभा राहिलो. हात वर गेलाच नाही. मेडिकलवाला म्हणतो, पोरांना कोरड्या हवेने असे डाग पडतात, आपोआप जातात. पडत असतील. पण मलाही मलम त्यानेच दिलं होतं. बारा वर्षांची आहे गं ती.

चार दिवस गेले. आता आणखी दिवस घालवत नाही. उद्या सकाळी दोघींना घेऊन दवाखान्यात जातो. म्हणजे आज विनिताला सांगावंच लागणार. पाच महिने तिच्या शेजारी बसून जेवलो, त्यातला महिनाभर तर सगळं माहीत असून गप्प राहिलो. ती काय म्हणेल, ते ऐकायची हिंमत गोळा करतोय.

हे पत्र पोचेल तोवर अक्षताचं काय ते कळलेलं असेल. काहीही कळो, फोनवर विचारू नकोस. ये. आणि आलीस की दारातच, शेजारीपाजारी बघत असताना, आधी तिला पोटाशी धर. माझं मग बघू.

घरी सांगायला निघालेला,
तुझा सहदेव