एवेलिओसाठी छापलेलं खोटं पान

११ मार्च
पुन्हा एवेलिओ! मेंढ्यांच्या प्रदर्शनाची बातमी. "महापौरांनी मेंढ्यांची पाहणी केली. त्यांची लोकर यंदा उत्तम असल्याचं त्यांनी सांगितलं." कुणाची लोकर, बाबा? महापौरांच्या डोक्यावर तर औषधाला केस नाही! मी मोठ्याने वाचलं. वर्तमानपत्राचा सगळा संपादकीय विभाग खदखदून हसला. एवेलिओही हसला — जरा उशिराने.

वाक्य कापून कॉफीच्या यंत्राशेजारच्या फळ्यावर टाचलं. फळा माझाच. चुका काढणं हे माझं कामच, आणि आठवड्याच्या निवडक चुका तिथे लागतात. ज्याच्या सगळ्यात जास्त, त्याने शुक्रवारी सर्वांसाठी चुर्रो, म्हणजे तळलेल्या गोड कांड्या, आणायच्या.

१८ मार्च
आज काय, तर 'उबिएरोन'! स्पॅनिशमध्ये 'अपघात झाले' असं लिहिताना अपघात एक असो की पन्नास, 'उबो'च हवं, एकवचनी; हे अनेकवचन कुठून आणलं? हे मला शिकवलं कुणी? एवेलिओनेच! मी नवी होते तेव्हा माझा कागद लाल करून परत द्यायचा. "विसी, पोरी, क्रियापद सांभाळ. बाकीचं मी बघतो." आणि आता स्वतः? निवृत्ती जवळ आली की माणूस असा सैल सुटतो.

चुर्रो पुन्हा त्याचेच.

२ एप्रिल
डोकं फिरलंय. हा माणूस माझी कामाची पाळी असेल तेव्हाच बातम्या पाठवतो! काल मला सुट्टी — त्याची एक ओळ नाही. आज आले तर ढीग. सर्वनामं वाट चुकलेली, क्रियापदं मध्येच काळ बदलणारी. एक वाक्य तर सुरू होतं आणि संपतच नाही. संपादकाच्या खोलीत जाऊन सरळ विचारलं, "चेमा, मी काय त्याची मोलकरीण आहे?"

"जाऊ दे गं. जूनमध्ये सुटतोय बिचारा."

बिचारा! जाताना माझ्या टेबलावर मोर्सिया, डुकराच्या रक्ताचं सॉसेज, ठेवून गेला, बुर्गोसजवळच्या त्याच्या गावची, घरी भरलेली. लाच! मी ती खाली दरवानाला देऊन टाकली.

२३ मे
ठरलं. निरोपाच्या जेवणाला आमच्याकडे खोटं पहिलं पान छापतात, जाणाऱ्या माणसाची टिंगल करणारं. यंदा ते मी करणार. आणि सगळं त्याच्याच चुकांतून! फळ्यावरून काढलेले कागद मी फेकलेले नाहीत. मुख्य मथळा — "महापौरांची लोकर उत्तम!" चेमाला दाखवलं, तर हसून हसून तो खुर्चीतून पडायचाच बाकी होता. "दुष्ट आहेस," म्हणाला. मला ते आवडलं.

१० जून
पान छापून आलं. काय देखणं झालंय! इतकं मन लावून मी कित्येक वर्षांत काही केलं नव्हतं.

१४ जून
लिहायची लाज वाटते. पण लिहिलं नाही तर झोप यायची नाही.

भाजलेलं कोकरू येऊन गेलं होतं, वाइन डोक्यात गेली होती. चेमाने पान एवेलिओच्या हातात दिलं. "वाच, वाच!" सगळे टेबलं बडवायला लागले. तो उठला, चष्मा लावला, वाचायला लागला. पहिल्या मथळ्याला हास्याचा स्फोट! दुसऱ्याला त्याहून मोठा. तो वाचत राहिला, गंभीरपणे, रेडिओवर वाचावं तसा. मग थांबला. सगळ्यांकडे पाहिलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"अरे, पुरे तुझं नाटक!" चेमा डोळे पुसत म्हणाला.

"नाटक नाही रे. चांगल्या बातम्या आहेत. कुणी लिहिल्यात?"

हसणं एकेका टेबलावर विझत गेलं. फेलीने, त्याच्या बायकोने, हात लांब करून पानावर ठेवला. तो माझ्याकडे वळला. "विसी, तू सांग ना पोरी. काय चुकलंय यात?"

साऱ्या टेबलांनी माझ्याकडे पाहिलं. चुका सांगण्यात जन्म गेला माझा. तोंडातून एवढंच निघालं — "काही नाही, एवेलिओ. सगळं बरोबर आहे."

"मग ठीक," म्हणाला, आणि खाली बसला. फेलीने पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ जून
फळा काढला. भिंतीवर त्याच्या जागी पांढरा चौकोन राहिलाय. कॉफी प्यायला गेलेच नाही.

१६ जून
चेमा म्हणतो, "आपल्याला काय माहीत होतं?" त्याला नसेल. त्याची प्रत्येक ओळ माझ्या हाताखालून जात होती. ज्याने मला 'उबो' शिकवलं, त्याच्या हातून 'उबिएरोन' येतं आणि मला काही वाटत नाही? काय वाटलं — तर मजा! स्वतःची किळस येते.

२० जून
शेवटी फेलीला फोन केला. माफी मागितली. ती म्हणाली, "डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं, मेंदूचा आजार आहे, भाषा हळूहळू हातातून जाणार. नोकरी पुरी करायची म्हणून त्याने कुणाला कळू दिलं नाही. मी घाबरायचे. तर मला म्हणायचा, 'विसीची पाळी असेल तेव्हाच पाठवतो ना. ती आहे, तोवर माझी चूक कुणाला दिसायची नाही.'"