उपाशी जनावर

आई, तुला मी आजवर एकही पत्र लिहिलं नाही. लिहायची वेळच आली नाही. लग्न झालं तरी मी याच शहरात राहिले, आणि तुला काही सांगायचं तर सायकल काढून फॅक्टरीच्या क्वार्टरवर यायचं, एवढंच. आता तू जाऊन तीसेक वर्षं झाली, क्वार्टरात दुसरंच कोणी राहतं, आणि मी विजय नगरच्या घरात टेबलाशी बसून तुला लिहिते आहे. टेबलावर रंग सांडलेत. तू असतीस तर आधी फडकं घेऊन आली असतीस आणि मग विचारलं असतंस, काय चाललंय म्हणून.

सांगायचंय ते त्या जनावराबद्दल. एकाहत्तरच्या लढाईचा तो हिवाळा आठव. खिडक्यांना काळे कागद लावलेले, बाबा तोफांच्या फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी करून घरी यायचे आणि जेवता जेवता डुलक्या घ्यायचे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. भूगर्भशास्त्राच्या सरांना माझ्या चित्रांचं कुठून तरी कळलं आणि त्यांनी मला बोलावून कपाटातली हाडं दाखवली. इथल्याच टेकडीत सापडलेली, पार दगड झालेली, डायनासोरची हाडं. याचं मोठं चित्र काढ, कॉलेजात लावू, म्हणाले. वर बजावलं की हाड सांगेल तेवढंच काढायचं, मनाचं काही घालायचं नाही. मी तर हवेतच. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर धाकट्या भावाला माझ्या कागदाजवळ फिरकायची मनाई केली.

खरं म्हणजे हाडावर काय काय असतं हे मला तूच कधीचं शिकवलं होतंस, पण ते शिकवणं आहे हे कोणाला ठाऊक! मी सात-आठ वर्षांची असेन. क्वार्टरच्या मागच्या अंगणात तुझ्या कोंबड्या. फॅक्टरीत तोफेची चाचणी झाली की तावदानं खडखडायची आणि सगळ्या कोंबड्या माना ताठ करून जागच्या जागी थिजायच्या. मी विचारते, "आई, यांना तर कानच नाहीत, मग ऐकतात कशा?" तू बगलेतल्या कोंबडीच्या गालावर हलकीच फुंकर घालतेस. पिसं बाजूला होतात आणि आत एक इवलंसं भोक दिसतं, ओलसर, गुलाबी. "हे बघ. आहे सारं. झाकलेलं आहे, एवढंच." रविवारी रश्शातली मान माझ्या ताटात आली की मला ती त्याच कोंबडीची वाटायची नाही, इतकं बारीक हाड. आणि कोंबड्याचा तो लालभडक तुरा, ज्याच्या जोरावर तो साऱ्या अंगणावर दादागिरी करायचा, त्याच्यात तर हाडाचा कणही नाही. मरून दगड झाला असता तर तुऱ्याचा पत्ताही कोणाला लागला नसता.

संध्याकाळी त्यांना खुराड्यात घालताना तू एकेकीला उचलून गळ्याखाली हात लावायचीस. तिथे दाण्यांची पिशवी असते ना, ती चाचपायचीस. भरलेली असली तर "चलो, आत." रिकामी लागली तर तिला बाजूला काढून मूठभर कणी वेगळी टाकायचीस, बाकीच्यांना हाकलत. "ही बावळट आहे, हिला कोणी खाऊ देत नाही," असं काहीतरी पुटपुटत. मलाही चाचपायला लावायचीस. पातळ कातडीखाली दाणे सरकतात, ते बोटांना अजून आठवतं.

तर चित्राचा तो दिवस. गहू चक्कीवर गेलेला आणि सकाळपासून लाईट नाही, म्हणून चक्की बंद. घरात होतं तेवढ्याच पिठाच्या तू पोळ्या केल्यास. दुपारी बाबा पाळीहून आले ते एकटे नाही, बरोबर दोन सोबती, दोघांची घरं लांब अधारतालला. "भाभीजी, तकलीफ दी आपको," म्हणत दोघं पोटभर जेवले. बाबा जेवले, भाऊ जेवला, मी जेवले. मी हात धुऊन परत जमिनीवर कागदाशी. तू भांडी आवरलीस, पदराला हात पुसत माझ्यामागे येऊन उभी राहिलीस. मी आपली वाट बघत होते, आता म्हणशील, छान आहे.

"काहून गं," तू म्हणालीस, "याला कोणी खायला देत नाही काय? भुकेलं दिसून राहिलं बिचारं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकेक बरगडी मोजून काढली होती मी! कवटीत जिथे जिथे पोकळी, तिथे तिथे चेहऱ्यावर खळगा, डोळे खोल, दात सगळे उघडे, मान नुसती काठी. सरांनी सांगितलं तसं, तंतोतंत. आणि ही स्वयंपाकघरातून उठून येते आणि म्हणते भुकेलं! मी वर न बघताच बोलले, "आई, तुला यातलं काय समजतं? हे सायन्स आहे. तुझ्या कोंबड्या नव्हेत."

"अच्छा," तू म्हणालीस. रागानं नाही, अगदी साधं. आणि आत गेलीस. त्यानंतर मी शेकडो चित्रं काढली, मासिकांत छापून आली, पण तू एकाही चित्रावर कधी बोलली नाहीस. टेबल पुसताना कागद उचलायचीस, खालून पुसायचीस, जसाच्या तसा परत ठेवायचीस. पाहुणे आले तर "हिचं ती बघते, आपल्याला नाही समजत," म्हणायचीस. मला ते बरंच वाटायचं, काय सांगू. कटकट नाही म्हणून.

गेल्या वर्षी कॉलेजातली नवी मॅडम घरी आली. पोरगीच आहे, माझ्या नातीहून थोडी मोठी. जुनं चित्र उतरवून नवं लावायचंय, तेही माझ्याच हातचं हवं, म्हणाली. मग जरा अडखळली. "आंटी, बुरा मत मानिएगा, पर वो बेचारा भूखा लगता है." आई गं! माझ्या हातातला कप तसाच राहिला. ती आपली समजावत होती, की कातडी अशी हाडाला चिकटलेली नसते, मधे मांस असतं, चरबी असते, दातांवर ओठ असतील, आणि हे काही दगडात उरत नाही, म्हणून आजचे पक्षी आणि मगरी बघून अंदाज बांधायचा. मी मान डोलवत होते, पण ऐकू येत होतं ते तुझं वाक्य.

मग या वयात मी अधारतालला गेले, एका बाईकडे कोंबड्या आहेत म्हणून कळलं होतं. तिच्या अंगणात उकिडवी बसले, कोंबडी बगलेत धरली आणि गालावर फुंकर घातली. "अम्मा, ये क्या कर रही हो?" म्हणत ती बाई पोट धरून हसली. भोक तिथेच होतं.

नवं चित्र झालंय, आई. जनावर पोटभर खाऊन सावलीत पडलंय. मान जाड, बरगड्या दिसत नाहीत, दात ओठांत झाकलेले, डोळ्यामागे कानाचं लहानसं भोक. गळ्याखाली भरल्या पिशवीचा फुगवटा दिलाय, तुझ्या कोंबड्यांना असायचा तसा. तो होता की नव्हता कोणालाच माहीत नाही, म्हणून पाटीवर 'हा अंदाज आहे' असं लिहून घेतलंय. चित्र लावलं त्या दिवशी मॅडमनं सगळ्यांसमोर विचारलं, "आंटी, ये भरा पेट दिखाना आपको कैसे सूझा?" मी म्हणाले, आजकाल बरंच वाचन करते. आई, असं म्हणाले मी. तुझं नाव ओठांवर आलं होतं आणि तिथेच गिळलं. सत्तरीला आले, तरी लोकांसमोर सायन्स म्हणून कोंबड्यांचं खुराडं सांगायची लाज वाटली मला.

हे पत्र कुठे टाकू? चित्रांच्या कपाटात ठेवते, तिथे कोणी हात लावत नाही. पण ठेवण्याआधी एक सांगून टाकते. त्या दुपारी मी हात धुऊन उठले तेव्हा तुला विचारलं होतं, तू जेवलीस का. तू म्हणालीस, "हो, झालं माझं." पोळ्यांचा डबा उघडाच होता, आई. त्यात काही नव्हतं. मी पाहिलं होतं, आणि जाऊन चित्र काढत बसले.